चाचा, तुम्हाला रिकामी जागा बघवायची नाही

हमीदचाचा,

माणूस गेला की त्याच्याबद्दल चार गोड शब्द लिहायचे असतात, असं मला सगळ्यांनी बजावलंय. मला ते जमणार नाही. आपलं भांडण अर्धं राहिलं आणि तुम्ही मध्येच उठून गेलात. ही काही रीत झाली नाही. सभेतून कुणी असा मध्येच उठला तर मी माइकवरून त्याचं नाव घेऊन विचारते, कुठे निघालात म्हणून. तुम्हाला तसं विचारायची सोय नाही, म्हणून लिहिते आहे. माझा नाव पत्रकात टाकलास तर याद राख, असा तुम्ही मला दम भरला होतात. आता भरा दम.

खरा घोटाळा तुम्ही रविवारचा करून ठेवलाय. इथिओपियातल्या दुष्काळाच्या बातम्या यायला लागल्यावर पुन्हा एकदा जेवण घालायचं, हे ठरवलं कुणी? तुम्ही. स्वयंपाकाच्या मोठाल्या देगा कल्हईला पाठवल्या कुणी? तुम्ही. आणि देगा लखलखीत होऊन अंगणात पालथ्या पडल्यात, तर तुमचाच पत्ता नाही. मयतीला आलेल्या निम्म्या लोकांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, मग आता रविवारचं रद्द ना? कलेक्टरसमोरही जिला शब्द शोधावे लागत नाहीत, ती मी 'बघू' म्हणून चपला शोधायला लागले. तुमच्याशिवाय देग चढते की नाही, हे मला खरंच माहीत नव्हतं.

पहिल्या वेळी मी तुमच्याकडे जेवण मागायला आलेच नव्हते, आठवतंय? मी आले होते टेम्पो मागायला. तेव्हा मी कॉलेजात होते. सोमालियात माणसं भुकेनं मरत होती आणि आपल्याकडच्या वर्तमानपत्रात ती बातमी आतल्या पानावर, साबणाच्या जाहिरातीच्या खाली. मला त्याचाच संताप यायचा. बाजारपेठेतला एक दुकानदार मला म्हणाला होता, तिकडे ते चालायचंच, त्यांना सवय असते. सवय! भुकेची सवय! त्या दिवशी मी घरी येऊन एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. जग गप्प आहे, महाडही गप्प राहणार काय, असा त्याचा मथळा. खाली तीनदा धिक्कार. आणि शेवटी आवाहन, की अमुक दिवशी चौकात या आणि आमच्याबरोबर दिवसभर उपाशी बसा. त्याचा प्रचार करायला भोंगा हवा आणि भोंगा बांधायला टेम्पो हवा. महाडात लग्नाच्या देगा वाहणारा तुमचा टेम्पो सगळ्यांना ठाऊक होता.

तुम्ही ओट्यावर कांदे चिरत बसला होतात. पत्रक हातभर लांब धरून सगळं वाचलंत. मग पुन्हा सुरी उचललीत.

"काय गो पुढारीणबाई, ह्यात तिखट लय पडलाय. मीठ कुठं हाय?"

मी म्हणाले, चाचा, तिकडे लोक मरताहेत, तुम्हाला चेष्टा सुचते.

"चेष्टा नाय करत. म्हाडचा मानूस उपास करनार म्हंजे काय करनार? साबुदाना खानार, रताळा खानार, वर दोन केळी. रोजच्यापरीस जास्त खानार. त्यात सोमालियाला काय ऱ्हानार? लोकांना जेवू घाल. जेवल्यावर माग."

मी तुमच्याशी तासभर वाद घातला. उपोषणाची परंपरा सांगितली, त्यामागचा विचार सांगितला. तुम्ही दोन टोपल्या कांदा चिरून संपवलात आणि मला तेवढ्या वेळात चाचींनी दोनदा चहा पाजला. निघताना माझ्या लक्षात आलं, की मी उपोषणासाठी आले होते आणि वालाची खिचडी ठरवून निघाले होते. वालाची कशाला, तर कुणाला मटण चालत नाही, कुणाला मासळी चालत नाही, पण वालाला नाही म्हणणारा माणूस महाड-पोलादपुरात अजून जन्मायचाय, हे तुमचं म्हणणं.

मग वाल आणि तांदूळ मागायला तुमच्याच टेम्पोतून आपण पोलादपूरच्या खोऱ्यात फिरलो. भाताची कापणी नुकतीच झाली होती. मी प्रत्येक वाडीत उतरून बोलायची, तुम्ही टेम्पोला टेकून बिडी ओढायचात. उमरठला कोंडीरामकाकांच्या खळ्यावर माझं भाषण ऐन रंगात आलं होतं. काका मोठे शेतकरी, गावात शब्दाला वजन. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, आमच्या वाडीवरची विहीर चैतात आटते, तवा कोन आफ्रिकेवाला हंडा घेऊन येतो? जमलेले सगळे हसले. मी पेटले. जगात धान्याची कोठारं भरलेली आहेत, भूक ही वाटपाची चूक आहे, विहीर आटते तीही तुमच्या पुढाऱ्यांमुळे, असं बरंच काही बोलले. काका म्हणाले, बाय, तुझं बरोबर असंल, पन लय लांबचं हाय.

तुम्ही बिडी विझवलीत आणि त्यांना विचारलंत, यंदा तुमचा वाल कसा काय झाला होता?

बस्स. काकांचा चेहराच बदलला. स्वतः आत गेले, राखेत घालून ठेवलेला वाल ओंजळीत घेऊन आले. तुम्ही एक दाणा उचललात, उन्हाला धरलात, दाताखाली फोडलात. छान हाय, म्हणालात, पण एवढ्यावर चव काय कळणार? काकांनी पोतं भरून दिलं. वर बजावलं, की नासवू नका, मी येनार हाय बघायला.

परतताना मी टेम्पोत तुमच्याशी भांडले. ही फसवणूक आहे, असं माझं स्पष्ट मत होतं आणि अजून आहे. त्या माणसाला सोमालिया पटला नव्हता. त्यानं फक्त आपल्या वालाची मिजास दाखवली होती. लोकांनी समजून द्यायला हवं, नाहीतर देण्याला अर्थ काय? तुम्ही वळणावर गाडी हळू केलीत आणि म्हणालात, पोटात गेल्यावर वाल कुनाला सांगत नाय का मी मिजाशीतून आलो. मला हसू आलं आणि त्याचाही राग आला. तुमच्याशी भांडायचं म्हणजे हेच. आपला मुद्दा बरोबर असतानाही हसू यायचं.

आता त्या दिवसाचं. ज्यावरून आपलं भांडण सुरू झालं आणि संपलं नाही, तो दिवस.

एमआयडीसीच्या फाट्याजवळ, रस्त्याला लागून असलेल्या मैदानात आपण मांडव घातला. तुमच्याकडच्या लग्नात असतात तसे मोठे थाळ मांडले. एकेका थाळाभोवती पाच-सहा माणसं गोल बसतात आणि एकाच थाळातून जेवतात, हे मला नवीन होतं. ते बघूनच मला कल्पना सुचली होती. प्रत्येक थाळाशी एक जागा मोकळी सोडायची. तिथे एक पुठ्ठा ठेवायचा, त्यावर लिहायचं, 'ही जागा सोमालियातल्या भुकेल्या माणसाची'. जेवणाऱ्याला घास घेताना ती मोकळी जागा दिसली पाहिजे. बोचली पाहिजे. मी आदल्या दिवशी बसून सगळे पुठ्ठे रंगवले. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही नुसतं 'बरा' म्हणालात. त्या 'बरा'चा अर्थ मला पुढे कळला. चाचींना लग्नापासून माहीत होता.

दुपारी पहिली पंगत बसली. मी रस्त्यावर पत्रकं वाटत होते. परत येऊन बघते तर माझी एकही जागा मोकळी नव्हती. एकही! तुम्ही हातात पळी घेऊन मांडवात फिरत होतात. कुठे थाळाशी फट दिसली की रस्त्याकडे बघून हाक मारायचात. पाळी सुटून एमआयडीसीतून माणसं बाहेर पडत होती, कुणी मोटरसायकलवर, कुणी बसची वाट बघत. तुम्ही बस थांबवलीत, चाचा. ड्रायव्हर-कंडक्टरसकट उतरवलीत. माझ्या एका पुठ्ठ्यावर कुणीतरी लिंबाच्या फोडी ठेवल्या होत्या. दुसरा एक म्हातारा वारा घ्यायला वापरत होता. मी तुम्हाला सगळ्यांसमोर म्हणाले, की ती जागा भुकेल्याची होती. तुम्ही म्हणालात, ह्यो काय पोट भरून आलाय? पाळी करून आलाय. बस रे तू.

सगळा मांडव हसला. आणि खरं सांगायचं तर जेवण फार चांगलं झालं होतं. लोक दुसऱ्यांदा मागून घेत होते, हात धुऊन आले की आपणहून, मदतीचे पैसे टाकायला ठेवलेल्या तेलाच्या डब्यापाशी जात होते. मुंबईच्या ज्या मदतसंस्थेकडे तो डबा गेला, तिथल्या बाईंनी मला विचारलं, तुमचं महाड केवढं आहे हो? मला अभिमान वाटला आणि तुमच्यावर चिडायचं होतं तेही नीट चिडता आलं नाही.

एका माणसावर मात्र मी मनापासून चिडले. कोंडीरामकाका सांगितल्याप्रमाणे आले. वाल कसा शिजलाय ते देगेत डोकावून बघितलं, मान डोलावली. पण थाळाशी बसले नाहीत. पिशवीतून पत्रावळ काढली, घरून आणली होती त्यांनी, तिच्यावर खिचडी घेतली आणि झाडाखाली, पाठ करून, एकटे जेवले. मी तिथल्या तिथे जाब विचारायला निघाले होते. त्यावर पुढचं पत्रक काढणार होते, मथळासुद्धा तयार होता. तुम्ही माझ्या हातातली पत्रकांची चळत काढून घेतलीत.

"ऱ्हाऊ दे. आला ना तो? बसंल कधीतरी."

कधीतरी म्हणजे कधी, चाचा? मी ह्यावर तुमच्याशी पुढची सगळी वर्षं भांडले. तुम्ही दर वर्षी घरच्यासाठी वाल आणायला उमरठला जायचात, त्यांच्या ओट्यावर बसून चहा प्यायचात आणि येताना हसत यायचात. तुमच्यासाठी वेगळा कप असायचा का, असं मी एकदा विचारलं. तुम्ही म्हणालात, चहा चांगला व्हता. अशा माणसाबरोबर चळवळ कशी करायची?

त्या दिवशी ऊन उतरल्यावर मांडव रिकामा झाला. खिचडी संपली होती. तुमच्या, माझ्या, चाचींच्या वाट्याला शीतही उरलं नव्हतं. चाची म्हणाल्या, ह्यांच्या हातचा जेवण मला निकाहापासून असाच मिळतो, वासावर. मग तुम्ही देग आडवी केलीत आणि तळाची खरपुडी उलथण्यानं खरवडून काढलीत. ती आपण तिघं एका थाळात घेऊन बसलो. करपलेली, खमंग, दातांना चिकटणारी. मी तोंड फुगवून खात होते. तेव्हा तुम्ही ते सांगितलंत. एकदाच सांगितलंत, पुन्हा कधी नाही.

तुम्ही बोटीवर भंडारी होतात तेव्हाचं. भंडारी म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी. सोमालियाच्या एका बंदरात बोटीचं इंजीन बसलं. मालक पैसे पाठवीना, शिधा संपला. सगळी माणसं तुमच्या तोंडाकडे बघायची, कारण भंडाऱ्याकडे काहीतरी असणार. तुमच्याकडे काही नव्हतं. ते सांगायची लाज वाटली म्हणून तुम्ही बोटीवरून उतरून धक्क्यावर जाऊन बसलात. तिथे गोदीतले हमाल जेवत होते. एकाच थाळात, आपल्यासारखे.

"कोन हायस, कुठला हायस, कायच इचारला नाय. एकान ढोपर बाजूला केला, दुसरा सरकला. झाली जागा. तेंच्याकडं तरी काय व्हता? पातल भात. मी जेवलो, म तेंनी आमच्या पोरांना बोटीवरना बोलावला." तुम्ही खरपुडीचा तुकडा माझ्यापुढे सारलात. "आता ते उपाशी हायत. आन तू मना सांगतेस, जागा रिकामी ठेव."

मी गप्प बसायला हवं होतं. कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. मी म्हणाले, "पण चाचा, त्या हमालांना तुम्ही समोर दिसलात. सोमालियातला माणूस इथे कुणाला दिसतो? जागा मोकळी राहिली तरच दिसेल ना?"

तुम्ही उलथणं उचलून देगेचा तळ पुन्हा खरवडायला लागलात. मला वाटलं, जिंकले.

"दुसऱ्या टायमाला बघू," म्हणालात.

तो दुसरा टाइम हा, येत्या रविवारचा. गेल्या पंधरवड्यात आपण पुन्हा त्यावरून भांडलो. मी म्हणाले, निदान एका थाळाशी, एकच जागा. तुम्ही म्हणालात, बरा. मी म्हणाले, हा कुठला बरा? तुम्ही इतके हसलात की खोकला आला, आणि चाचींनी मला बाहेर काढलं. ते आपलं शेवटचं बोलणं. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. शेवटचं बोलणं असंच असावं.

आता परवाचं सांगते. तिसऱ्या दिवशी तुमच्यासाठी दुवा मागून झाल्यावर, फातेहाच्या जेवणाला अंगणात थाळ मांडले होते. स्वयंपाक तुमच्या भाच्यांनी केला, मीठ कमी होतं, तुम्ही असता तर बोलला असतात. वाढायला मी होते. फाटकाजवळच्या थाळाशी मी पाच माणसं बसवली आणि सहावी जागा मोकळी ठेवली. कुणाला बसू दिलं नाही. पुठ्ठा वगैरे नाही, नुसती जागा. म्हटलं, आता कोण अडवतंय मला. पहिल्यांदाच माझ्या मनासारखी एक जागा रिकामी राहिली होती, आणि ती तुमची होती. बघवत नव्हती ती. बोचत होती. म्हणजे माझा मुद्दा बरोबर होता, चाचा. हे लिहून ठेवा.

चाची इद्दतीत आहेत, घराबाहेर यायचं नाही, परक्या पुरुषांसमोर यायचं नाही. पण खिडकीच्या पडद्यातून त्यांना सगळं दिसतं. त्यांनी मला आत बोलावलं.

"ती जागा कोनाची?"

"चाचांची," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी मीठ सांडलंय. "त्यांच्या नावावर कोनाला उपाशी ठेवतेस? जा, बसव कोनाला तरी. ते असते तर आतापर्यंत रस्त्यावर गेले असते."

मी अंगणात आले. ठरवलं होतं, की बसवायचं नाही. चाचींशी नंतर भांडू. तेवढ्यात फाटकातून कोंडीरामकाका आत आले. पोलादपूरहून एसटीनं आले होते, घामाघूम झालेले. त्यांना बातमी उशिरा कळली होती. खांद्यावर पोतं होतं. नव्या वालाचं. ते त्यांनी पालथ्या देगांशेजारी उतरवलं आणि मला विचारलं, रविवारी देग कधी चढवायची? सकाळीच चढवायला लागेल, वाल भिजवायचा कधी? कुणी सांगितलंय का भाच्यांना? त्यांच्या बोलण्यात 'रद्द' हा शब्दच नव्हता. मी म्हणाले, सकाळी. एवढंच सुचलं.

मग त्यांना थाळ दिसला. थाळाभोवती पाच जण, आणि ती फट. सगळे हात थांबले होते. भाच्यांपैकी एक जण घाईनं उठून म्हणाला, काका, तुमच्यासाठी वेगळं वाढू का, पान आणतो.

काकांनी चपला काढल्या. टोपी सारखी केली.

"कशाला?" म्हणाले. "जागा हाय की. सरका जरा."

आणि बसले. मांडी घालायला त्यांना वेळ लागला, गुडघे धरलेत त्यांचे. बाजूच्यानं ढोपर बाजूला घेतलं. पहिला घास घेऊन काकांनी तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, मीठ कमी हाय, हमीद असता तर शिव्या घातल्या असत्या. अंगणात तीन दिवसांनी पहिल्यांदा कुणीतरी हसलं. पडद्यामागून चाचींचाही आवाज आला. रडण्याचा होता की हसण्याचा, ते मी विचारलं नाही.

मी हरले, असं समजू नका. मोकळी जागा दिसली म्हणून तर ते बसले. मी ठेवली होती ती. म्हणजे तुमचंही खरं आणि माझंही, आणि हा निकाल ऐकायला तुम्ही जागेवर नाही, ह्याचा मला फार राग आहे.

रविवारी देग चढतेय. वाल काकांचा, तांदूळ खोऱ्यातला, डबा तेलाचाच. भाच्यांना सांगितलंय, मिठाचा अंदाज चाचींकडून घ्यायचा. नवं पत्रक छापून आलंय, त्यात धिक्कार एकदाच आहे. पुठ्ठे मी रंगवलेले नाहीत. फाट्यावरच्या मैदानात पळी घेऊन फिरायला आणि बस थांबवायला माणूस हवा होता, तर काका म्हणाले, मी थांबवतो. त्यांना जमेल की नाही ह्याची मला शंका आहे. म्हणून रस्त्यावर मीही उभी राहणार आहे.